दहावी पलटण आणि आमचा एकुलता एक

माझ्या मुलाला कोथिंबिरीला मराठीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, पण खंदक, तळ, वेढा, निशाण, पिछाडी हे शब्द त्याला तोंडपाठ होते. याचं श्रेय म्हणा, खापर म्हणा, माझ्याकडे येतं. तो लहान असतानाच आम्ही सिंगापूरला आलो, सेम्बावांगला फ्लॅट घेतला, आणि बघता बघता पोराची मराठी साबणाच्या वडीसारखी झिजायला लागली. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि वर सिंगापुरी पद्धतीचा एक 'लाह' चिकटवायचा. बायको म्हणायची, येईल हळूहळू. पण हळूहळू हा प्रकार मला कधी जमलेला नाही. मला एका जागी बूड टेकवून बसवत नाही. काही बिनसलं की मी स्वयंपाकघर ते खिडकी अशा येरझारा घालायला लागतो. मुलगा मला 'कान्चिओंग' म्हणायचा. तिथल्या बोलीत घायकुतीला आलेल्या माणसाला असं म्हणतात. शब्द अगदी बरोबर निवडला होता त्याने.

मराठी टिकावी म्हणून मी त्याला गोष्टी सांगून पाहिल्या. ससा झाला, कासव झालं, राजे झाले. तो मध्येच उठून टीव्ही लावायचा. मग लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या विक्रीत मला रोमन सैन्यावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. माझं ऑफिस वन-नॉर्थला, सेम्बावांगहून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, चांगला लांबचा प्रवास. जाता-येता मी ते वाचायचो आणि रात्री जेवताना त्यातलं मराठीत सांगायचो. पोरगं घास तोंडात धरून ऐकत बसायचं. मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं.

त्या सेनापतीचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या घरात मात्र तो नुसता 'सेनापती' होता, आणि त्याची लाडकी लीजन म्हणजे 'दहावी पलटण'. बायकोला आधी वाटलं, मी एवढ्याशा पोराला बोर्डाच्या परीक्षेची भीती घालतोय.

या दहावीच्या गोष्टी होत्याही तशाच. गॉलच्या मोहिमेत समोर जर्मन टोळ्या आल्या, त्यांच्या उंचीच्या आणि नजरेच्या अफवांनीच रोमन छावणीची गाळण उडाली. माणसं तंबूत बसून मृत्युपत्रं करायला लागली. तेव्हा सेनापतीने अधिकाऱ्यांना बोलावून झाडलं आणि सांगितलं की बाकी कुणी येणार नसेल तर मी एकट्या दहावीला घेऊन निघतो. झालं! दहावीची छाती फुगली, आणि बाकीच्या पलटणींना अशी लाज वाटली की सगळे निमूट निघाले. ब्रिटनच्या किनाऱ्यावर तर खोल पाणी बघून सगळे जहाजातच थबकले होते. दहावीच्या निशाणवाल्याने गरुडाचं निशाण उचलून समुद्रात उडी घेतली, आणि निशाण शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून त्याच्यामागे सगळे उतरले. सेम्बावांगच्या किनाऱ्यावर, जहाजदुरुस्तीच्या क्रेन दिसतात त्या बाजूला, आमचा निशाणवाला घडीची छत्री उंच धरून पाण्यात घुसायचा. बायको काठावरून ओरडायची, "अरे, बूट!"

पुढचा एक भाग मी सांगत नसे. सेनापतीचा सगळ्यात मोठा शत्रू हरेपर्यंत गोष्ट न्यायची आणि पुस्तक मिटायचं, असा माझा शिरस्ता होता.

मधल्या काळात आम्ही पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना, घेतलं. सतत नोकरीच्या पासच्या तारखेकडे डोळे लावून बसायचा मला कंटाळा आला होता. मुलगा तेव्हा दुसरीत होता. आम्ही दोघं पहिल्या पिढीचे, आम्हाला काही लागू नव्हतं. पण मुलाला अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं लष्करात जावं लागणार, नॅशनल सर्व्हिस म्हणून, हे आम्हाला माहीत होतं. दुसरीतल्या पोराचं अठरावं वर्ष म्हणजे पुढच्या जन्मातली गोष्ट वाटते.

आपल्या लोकांच्या जेवणावळीत मात्र तो विषय टळायचा नाही. बुद्धपौर्णिमेला कुणाच्या तरी कॉन्डोत सगळे जमायचे, वंदना व्हायची, पानं वाढली जायची, आणि कुणीतरी हळूच विचारायचं, "तुमचा कितवा?" हा प्रश्न इयत्तेचा नसायचा, अठराला किती वर्षं उरली याचा असायचा. ज्यांना मुली होत्या ते निवांत श्रीखंड खात असायचे. ज्यांना मुलगे होते त्यांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. एखादं कुटुंब पोरगं सोळाचं व्हायच्या आत गपचूप बॅगा भरून पुण्याला परत जायचं. जाताना सांगायचे, आईची तब्येत बरी नसते. आम्ही सगळे माना डोलवायचो. तसं गेलेल्या मुलाला पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला परत येणं फार अवघड, हेही सगळ्यांना माहीत असायचं.

आमच्याकडे लष्करी नोंदणीचं पत्र आलं आणि माझी झोप उडाली. मी परस्पर ठरवून टाकलं. पिंपरीला त्याची मावशी होती, तिच्याकडे राहायचं, तिथे कॉलेज, मग इंजिनियरिंग. पीआर सोडून द्यायचं. बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होती, ड्यूटीवरून दमून आलेली. ती म्हणाली, "अहो, त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? सोळाचा आहे तो."

विचारलं. तो पायातले मोजे काढत म्हणाला, "आय विल सर्व्ह, बाबा. माय फ्रेंड्स ऑल गोइंग, लाह."

मी बराच आवाज चढवला. तो मोज्यांची घडी घालत राहिला, आणि त्यामुळे मला जास्त राग आला. पुढचे काही आठवडे मी घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरत होतो. ऑफिसात सुरू केलेलं काम अर्धवट टाकून खाली कॉफी आणायला जायचो, कॉफी न घेताच परत यायचो. एकुलतं एक पोर. बंदूक हातात घेऊन चिखलात लोळणार, तेही ज्या देशाचा तो अजून नागरिकसुद्धा नाही त्या देशासाठी. भीती वाटत होती मला, साधी सरळ भीती, आणि ती मी 'त्याचं करिअर' या नावाखाली खपवत होतो.

शेवटी एका रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, पराठ्यासारखा प्राटा खाता खाता, मी त्याला दहावीचा उरलेला भाग सांगितला. म्हटलं, ऐक, सेनापती जिंकला. ज्यांच्या जोरावर जिंकला ती माणसं म्हातारी व्हायला आली होती. त्यांना बक्षिसं कबूल केली होती, घरी सोडायचं कबूल केलं होतं. मिळालं काहीच नाही. मग त्या लाडक्या पलटणींनी बंड केलं आणि थेट रोमवर चाल केली. सेनापती एकटाच त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. काय पाहिजे, म्हणाला. त्यांनी सांगितलं, सोडा आम्हाला. त्यांना वाटलं होतं, याला पुढच्या लढाईला आपण लागणार, तर हा मनधरणी करेल. त्याने सांगितलं, सोडलं. आणि इतकी वर्षं ज्यांना 'माझ्या सोबत्यांनो' म्हणत आला, त्यांना पहिल्यांदाच हाक मारली, 'नागरिकहो'. शिपाई नाही, नुसते नागरिक. बस्स, तेवढ्यात ते दणकट लोक कोसळले. हातापाया पडायला लागले, परत घ्या म्हणून. बाकीच्यांना त्याने लगेच घेतलं. दहावीला मात्र ताटकळवलं.

"कळलं का?" मी म्हणालो. "ही यांची माया. गरज असते तोवर पाठीवर हात, नंतर एका शब्दात परके."

त्याने प्राट्याचा तुकडा रश्शात बुडवला. माझ्याशी वाद घालताना तो मराठीत यायचा, ही एक गंमतच होती. म्हणाला, "पण बाबा, ते एवढे का कोसळले? त्यांना घरी जायचंच नव्हतं. सेनापतीला ते माहीत होतं. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं."

"तो डाव टाकला त्याने!"

"मे बी. तरीपण ते परत गेले ना? कुणी पकडून नाही नेलं." मग म्हणाला, "तुम्हाला सोल्जर लोकांचा एवढा राग आहे, तर एवढी वर्षं मला त्यांच्याच गोष्टी का सांगितल्या?"

मी उठलो आणि उगाचच आणखी एक चहा घ्यायला रांगेत जाऊन उभा राहिलो.

राग शिपायांचा नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पलटणीत हवालदार होते. मी लहान असताना ते सुट्टीवर आले, अंगावर कडक इस्त्रीची वर्दी, छातीवर फिती, आणि मी त्यांचं बोट धरून एसटी थांब्यावर उभा. समोरच्या हॉटेलात त्यांनी चहा मागितला. हॉटेलवाल्याने बाहेर खिळ्याला टांगलेल्या कान तुटलेल्या कपाकडे बोट केलं. आमच्या लोकांसाठी तो वेगळा ठेवलेला असायचा. आबांनी तो कप काढला, चहा घेतला, प्यायले, आणि स्वतःच विसळून परत खिळ्याला लावला. वर्दीतल्या माणसाने. मी त्या दिवसानंतर कुठल्याही वर्दीवर विश्वास ठेवला नाही.

म्हणून मी आबांना फोन केला. वाटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल. सगळं सांगितलं, कपाचीही आठवण करून दिली.

आबा म्हणाले, "अरं, त्यो कप मी कवाच इसरलो. तुझ्याच ध्यानात ऱ्हायला."

"आबा, तुम्ही तो विसळून ठेवलात."

"ठिवला. गावात ठिवला. पलटनीत म्या समद्यांसंगं एका पंगतीत जेवलो, कुनी काय इचारलं न्हाई. कप गावाचा व्हता, पलटनीचा न्हाई. आन त्याचं वझं आता नातवाच्या पाठीवर कशापायी देतो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आबांनी विचारलं, "पोरगं काय म्हनतंय?"

"जायचं म्हणतंय."

"मंग तू कोन रं?"

आबांनी फोन ठेवला. मी येरझारा घालायला लागलो, पण या खेपेला बायको दारात आडवी उभी राहिली. "पुरे आता," ती म्हणाली. मावशीकडचा बेत मी सोडून दिला. त्यांचं पटलं म्हणून नाही, माझं कुणी ऐकेना म्हणून. आणि मनातल्या मनात मी वाट बघत राहिलो की अठराचा होईपर्यंतच्या दोन वर्षांत हा कधीतरी कच खाईल, म्हणेल, बाबा, नको, मला घरीच राहू द्या. मग मी काहीही करून त्याला सोडवला असता.

त्याने कच खाल्ली नाही. छावणीत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून त्याने बिनकॅमेऱ्याचा साधा फोन घेतला. ठरलेल्या सकाळी आम्ही तिघं फेरीबोटीने टेकाँग बेटावरच्या छावणीत गेलो. पहिल्या दिवशी आईबापांना बरोबर नेतात, बराकी दाखवतात, मेसमध्ये पोरांसोबत जेवायला घालतात. भात, कोंबडी, एक संत्रं. शेजारच्या टेबलावरची चिनी आजी आपलं संत्रं सोलून नातवाला भरवत होती. मी बराकीतला पंखा चालतो का ते पाहिलं, गादी दाबून पाहिली, एका तरुण अधिकाऱ्याला तीनदा तेच विचारलं. सगळ्या पोरांनी उजवा हात वर करून शपथ घेतली. मग आईबापांनी निघायचं. त्याने आईला मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला, आणि रांगेत गेला. फेरीत बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मी जागा चार वेळा बदलली.

फोन तिसऱ्या दिवशी आला. आमची जेवणं नुकतीच उरकली होती, बायको ओटा पुसत होती.

"बाबा," तो म्हणाला. मागे पोरांचा गलका होता. मग नाक ओढल्याचा आवाज.

"बाबा, मला घरी यायचंय."

या एका वाक्याची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. ते आलं, आणि आता माझ्या हातात काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी पोहत निघालो असतो. बायको ओल्या हातांनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि खुणेने विचारायला लागली, काय म्हणतोय?

"जेवलास का?" मी विचारलं.

"हं."

"पोटभर?"

"हं."

"मग आता झोप, राजा. उद्या पहाटे उठवतील."

तो म्हणाला, "बरं," आणि फोन बंद झाला.

बायकोने विचारलं, "कसा आहे?"

"मजेत," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून तिथेच बसलो. ती मान हलवून परत ओट्याकडे गेली. मी बराच वेळ उठलो नाही.