नाना सर 'लेट' झाले

आधी हातातला कप खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही! मी जे करून बसले ते आमच्या गावात अजूनही पाहुण्यारावळ्यांना सांगतात. आणि माझ्या माघारी नाही हो, मला मुद्दाम बोलावून, समोर बसवून सांगतात!

मी प्रज्ञा, इंग्रजीची शिक्षिका. सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. बुद्धविहाराला लागून एक खोली होती, तिथं आम्ही गावकऱ्यांनी मिळून वाचनालय उभं केलं. उद्घाटनाला कोण? नाना सर! दुसरं नावच निघालं नाही. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, मलासुद्धा. आता वय ऐंशीच्या घरात, शेगावला मुलाकडं राहतात. मागच्या महिन्यात चार दिवस दवाखान्यात होते, तरी 'येतो' म्हणाले.

कार्यक्रम अकराचा. सत्काराला हार, शाल, आणि भेट म्हणून सरांचाच एक जुना फोटो मोठा करून, फ्रेम करून आणलेला. वच्छलाकाकू पहाटेपासून जिलेबी तळत होत्या. साडेअकरा वाजले, सरांचा पत्ता नाही. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर त्यांच्या सुनेचा मेसेज आला. इंग्रजीत.

"नाना इज लेट. व्हेरी सॉरी. प्लीज डोन्ट वेट."

मी 'अगं बाई!' म्हणून ओरडलेच!

आमचे अध्यक्ष साहेबरावभाऊ शेजारीच उभे होते. पक्के शेतकरी माणूस.

"काय झालं म्याडम?"

"नाना सर गेले, भाऊ."

"कुठी गेले?"

"अहो, वारले!"

भाऊंनी मोबाईल हातात घेतला, एकेक अक्षर लावून मेसेज वाचला. "अवो, लेट हाय म्हनून राह्यली ना थे. लेट म्हंजे उशीर. आपली एसटी लेट राह्यते, तसं."

आता शहाण्या बाईनं काय करावं? हो म्हणावं, खुर्चीत बसावं. मी काय केलं? व्याकरण शिकवायला घेतलं!

"भाऊ, उशीर होणार असता तर 'विल बी लेट' लिहिलं असतं. भविष्यकाळ! इथं 'इज' आहे. आणि पाटीवर नावाला 'लेट' लावतात, तेव्हा अर्थ काय होतो? कालकथित, म्हणजे वारलेले!"

"पन थे नावाच्या पुढं लावतेत. इथं तं मांगं हाय."

"पुढं काय, मागं काय! आणि 'व्हेरी सॉरी' कशाला? उशिराचं एवढं दुःख कोणाला होतं? आणि हे बघा, 'डोन्ट वेट'. वाट पाहू नका. म्हणजे आता सर कधीच…"

भाऊंनी मोबाईल परत दिला. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या, तुमाले जास्त समजते. पन एक फोन तं लावून पाहा."

लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. आणि लागला असता तरी विचारायचं काय? 'नक्की ना?'

मग काय! स्वागतगीत रद्द. सत्काराचा हार फोटोला चढला. शाल फोटोखाली टेबलावर अंथरली, मेणबत्ती लागली. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"अन् एवढ्या जिलेबीचं काय करू वो माय?" वच्छलाकाकूंनी रडत रडत विचारलं.

"झाका!" मी म्हटलं.

शोकसभा सुरू झाली. साहेबरावभाऊ म्हणाले, "सरनं मले लय मारलं. पन एक डाव बी चुकीचं नाही मारलं." सगळे हळहळले. मग मी उभी राहिले. तुम्हाला सांगते, असं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं! "आज मी जे इंग्रजी शिकवते, एकेका शब्दाचा अचूक अर्थ मला कळतो, तो केवळ सरांमुळं!" शेवटी दोन मिनिटं मौन. सगळे माना खाली घालून उभे.

आणि बाहेर गाडी थांबली.

माझे डोळे मिटलेले, त्यामुळं पुढचं मला वच्छलाकाकूंकडून कळलं. काकू शेवटच्या रांगेत होत्या. नाना सर काठी टेकत दारात आले. पाहतात तर सगळं गाव मौन पाळून उभं! बिचाऱ्यांनी चपला काढल्या, टोपी काढली, काकूंच्या शेजारी येऊन मान खाली घातली. थोड्या वेळानं हळूच विचारलं,

"कोण गेलं बाई?"

काकू मान वर न करता म्हणाल्या, "नाना सर."

"कोणते नाना सर?"

"शेगावचे."

"अरेरे! शेगावला तर मीच राहतो. मला कोणी कळवलं कसं नाही?"

काकूंनी मान वर केली. आणि जी किंकाळी फोडली म्हणता! अख्खी सभा गर्रकन मागं वळली. मी डोळे उघडले.

"सर! तुम्ही?"

"गाडी पंक्चर झाली वाटेत. सुनेनं कळवलं होतं ना, लेट होतंय म्हणून?"

मग साहेबरावभाऊ, माझ्याकडं अजिबात न बघता, हळूच म्हणाले, "नावाच्या मांगं व्हतं."

मी रडत रडत सगळं कबूल केलं. सरांनी हार घातलेला फोटो पाहिला, टेबलावरची शाल उचलून स्वतःच खांद्यावर घेतली आणि खुर्चीत बसले. "माझ्या माघारी काय काय बोललात, ते आता तोंडावर बोला."

झालं! जिलेबी वाटली गेली आणि शोकसभा पहिल्यापासून पुन्हा झाली. साहेबरावभाऊंच्या भाषणाला सरांनी डोळे पुसले. मलाही सोडलं नाही. 'अचूक अर्थ'पर्यंत सगळं भाषण शब्दन् शब्द म्हणायला लावलं.

मग सर बोलायला उठले.

"मी मेल्याची बातमी गावभर झाली, त्याचं मला काही वाटत नाही. या वयात तेवढं चालायचंच. पण या प्रज्ञाचं इंग्रजी माझ्यामुळं आहे, ही बातमी मात्र हात जोडतो, गावाबाहेर जाऊ देऊ नका!"