शेळीवर घेतलेला आळ

ती केस आजही डोळ्यांपुढं आहे, कारण गुन्हा कबूल करायला आरोपीच माझ्याशी भांडला, असं माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाच घडलं.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. कुणाचा वशिला नाही. शिकलेले साहेब आले नि गेले, पण जबाब कसा घ्यायचा ते मला विचारूनच गेले.

कर्जत तालुक्यातल्या एका गावातून सकाळी एका बाईचा फोन आला. "साहेब, शेजारच्या घरी पट्टी करायला येनारी सिस्टर आमच्या ओट्यावर बसलीय. मनगट सुजलंय, इचारलं तर बोलंना. माझं नाव सांगू नका." ठाणे डायरीत नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

सिस्टर तिशीची, एका खासगी संस्थेकडून घरोघरी जाणारी. पेशंट म्हणजे जुना पहिलवान. साखरेमुळं पायाची जखम चिघळलेली, दोन महिने खाटेवर. मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही त्यांना काय बोललात?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली बघितलं.

"उशीखालचे पेढे काढून घेतले, तर काठी बसली. संस्थेला फोन केला, ते म्हणाले सांभाळून घ्या. परवा त्याच काठीपुढं जायचं का नोकरी सोडायची, तेवढं सांगा साहेब."

घरच्यांचे जबाब वेगवेगळे घेतले. मुलगा म्हणाला, "शेळीनं ढुसनी दिली." सून म्हणाली, "मी चुलीपाशी व्हते. पायरीवरनं घसरल्या असतील." म्हाताऱ्याला हात उचलवत नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत. म्हातारा डोळे मिटून कण्हत होता. दारातली शेळी मी नीट पाहिली. गाभण, ढुसणी द्यायची तर आधी तिला कुणीतरी उठवावं लागलं असतं.

कबुलीसाठी हात उगारणारे पोलीस मी पाहिलेत. मी माणसाची घमेंड शोधतो. ती ओळखायला मला वेळ लागत नाही, माझ्याकडं पुष्कळ आहे. खाटेशेजारी बसून मी मोठ्यानं लिहायला लागलो. "सदर सिस्टरला शेळीने पाडले. घरातील वृद्ध इसम पूर्वी पहिलवान होते म्हणतात, परंतु आता त्यांच्याने माशीही हाकलवत नाही."

कण्हणं थांबलं.

"त्यांच्यापेक्षा शेळीत जोर जास्त दिसून येतो," मी पुढं लिहिलं.

"ओ हवालदार!" म्हातारा ताडकन उठून बसला. "शेळीचं नाव खोडा आधी! मी मारलं. ह्या हातानं!"

"उगं पोराला वाचवू नका, बाबा. तुमच्यानं काठी पेलायची नाही."

त्यानं खाटेखालची काठी ओढून गरकन फिरवली. माझी टोपी उडून शेळीपुढं पडली. मुलानं कपाळाला हात लावला. सून मात्र कमरेवर हात ठेवून पुढं आली. "मामंजी! हात उचलंना म्हून दोन म्हैनं घास भरवतीय मी तुमाला!"

काठी जप्त झाली, पंचांच्या सह्या झाल्या. मुलगा हात जोडून म्हणाला, "घरातली गोष्ट हाय, मिटवा साहेब." म्हाताऱ्याचा पाय बघून मलाही मिटवावंसं वाटलं. सिस्टर म्हणाली, "तुमचं घर असेल. माझं ते कामाचं ठिकाण आहे. फिर्याद लिहून घ्या."

गुन्हा नोंदवला. संस्थेच्या साहेबालाही जबाबाला बोलावलं, तेव्हा कुठं त्याच्या तोंडून निघालं की सिस्टरला यापुढं एकटीला पाठवणार नाही. तिनं आपली अट घातली: पट्टी होईपर्यंत घरचं एक माणूस समोर बसेल आणि पेशंटच्या हाताजवळ काहीही नसेल.

घरात शिरलेल्या चोरानं मार खाल्ला तर आम्ही विचारतो, कुणी मारलं? घरी बोलावलेल्या सिस्टरनं खाल्ला तर तिलाच विचारतो, काय बोललीस? ही चूक माझी, लिहून देतो. बाकी नोकरीत माझ्या चुका फारशा नाहीत.

पुढच्या पट्टीला मी मुद्दाम हजर राहिलो. जखमेला औषध लागलं तशी म्हाताऱ्यानं खाटेची कड घट्ट धरली.

"दुखतंय का, पहिलवान?" सिस्टरनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी.

'दुखतंय' म्हणायला त्याला आणखी तीन पट्ट्या लागल्या, असं सुनेनं नंतर सांगितलं. मारल्याची कबुली मी पाच मिनिटांत काढली होती. दुखल्याची काढणं पोलिसाचं काम नाही, त्याला सिस्टरच लागते.