वाकलेला लांब्या

"दीपे, असली चित्रं कोण काढत असेल गं?"

भीमरावांनी मोबाइल पुढे केला आणि दीपमालानं हातातला कप खाली ठेवला. पडद्यावर तिच्याच कॉमिकमधला लांब्या होता. कमरेतून वाकलेला, हात जोडलेला, मान खाली. वर कोणीतरी 'जी सरकार' असं लिहिलं होतं. अक्षरं तिची नव्हती. बाकी रेघ अन् रेघ तिची होती.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता तो. यंदाच्या स्नेहमेळाव्यात भाषणं आवरती घ्या, जेवणं थंड होतात, एवढंच भीमरावांनी सकाळी लिहिलं होतं. त्यावर श्यामसुंदरनं हे स्टिकर टाकलं. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. श्यामसुंदर म्हणजे परका नव्हे. सगळी नोकरी एका खात्यात काढलेली, एका बाकावर डबा खाल्लेला.

"नातवानं पाठवलं म्हणे त्याला. नवीन आलंय." भीमरावांचा आवाज चढला नव्हता. तो चढत नसे, बसत जाई. "हा जोहार आहे, आपल्या आज्या-पणज्यांना घालावा लागायचा तो. श्यामला माहीत असेल किंवा नसेल. नसेल तर जास्तच वाईट."

स्वयंपाकघराच्या दारात सुंदराबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. पौर्णिमेची वंदना नुकतीच झाली होती. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढची मेणबत्ती अजून जळत होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि नजर वळवून पुन्हा आत गेल्या. त्यांना ठाऊक होतं. भीमरावांना नव्हतं.

दीपमाला लहानपणी जुन्या कॅलेंडरांच्या पाठींवर चित्रं काढायची. पुढे चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि परदेशी कार्टूनांच्या रेघा रंगवण्याची नोकरी धरली. दुसऱ्याच्या माकडाला शेपूट लावायचं, दुसऱ्याच्या ढगाला निळा रंग द्यायचा. तो स्टुडिओ बंद पडला, त्याच सुमारास जुन्या फिती जपणाऱ्या लोकांच्या एका कार्यशाळेत तिनं शंभर वर्षांपूर्वीच्या मूक व्यंगपटाचे उरलेसुरले तुकडे पाहिले. त्यात दोघेच होते, पंत आणि लांब्या. पंत आंघोळ करून घाटावर येतात, तोच लांब्याची सावली रबरासारखी ताणत त्यांच्या पायांशी येते. सावलीचा विटाळ नको म्हणून पंत उड्या मारतात, भिंतीवर चढतात, पुन्हा नदीत जातात. शेवटी दगड मारतात, तोही लांबून, कारण हात लावायची सोय नाही. दगड खाऊन लांब्या जोहार घालतो. समाप्त.

बाकीचे हसले. दीपमालाला ती सावली दिसली. एवढं सगळं गाव जिला घाबरतं, ती सावली याची एकट्याची! तिनं दोघांना आजच्या शहरात, वेबकॉमिकमध्ये आणायचं ठरवलं. सहाव्या भागात लांब्या उठणार होता. पहिल्या भागाचा शेवट मात्र तिनं जुन्या फितीबरहुकूम ठेवला, आणि जाहिरातीसाठी तेच चित्र स्टिकर करून फुकट वाटलं. पहिला भाग आज संध्याकाळी सहाला यायचा होता. वर तिचं नाव, आडनावासकट.

ती गॅलरीत गेली आणि कॉमिकच्या वेबसाइटचा संपादक अभय, त्याला फोन लावला.

"शेवट बदलायचाय."

"आज? अगं, तो वाकलेला लांब्या हीच तर ओळख झालीय त्याची! स्टिकर कसलं उचललंय लोकांनी. सहाव्यात उठतोय ना तो? तूच लिहिलंयस."

"सहाव्यापर्यंत कोण थांबलंय, अभय? आमच्या घरात पोचलाय तो."

"हे बघ, सहाला भाग आला नाही तर पहिल्या पानाची जागा दुसऱ्याला जाईल. मग माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवून ती आत वळली. उंबऱ्यापाशी पाय अडला. भीमरावांचा धाकटा भाऊ एका पुढाऱ्यासमोर घरासाठी भर सभेत वाकला होता. तेव्हापासून त्या घरचं पाणीही भीमरावांनी घेतलं नव्हतं. भावाला जे माफ झालं नाही, ते लेकीला होईल?

"पप्पा, ते चित्र मी काढलंय."

भीमरावांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. सुंदराबाईंचं लाटणं थांबलं.

"अहो, तिचं पूर्ण तरी ऐकून—"

"तू थांब." मग लेकीला, "दाखव. सगळं."

तिनं टॅब्लेट दिला. ते एकेक चौकट बोटानं सरकवत राहिले. सावलीपासून पळता पळता पंत पार सिग्नलच्या खांबावर चढले, तिथं त्यांच्या ओठांची कड किंचित हलली. शेवटच्या चौकटीला बोट थांबलं ते थांबलंच.

"दगड लागल्यावर माणूस काय करतो, माहितीय?"

"काय?"

"कोणी मारला ते आधी बघतो." त्यांनी टॅब्लेट परत दिला. "वाकणं नंतर शिकवतात. काढायचं तर बघून काढ."

चपला घालून ते बाहेर पडले. कुठे चाललात, हे विचारायची दोघींची छाती झाली नाही.

दीपमाला बसली. जोडलेले हात पुसले. मान उचलली. ती जमेना. कधी फार ताठ होई, पुतळ्यासारखी, कधी रागीट. मोबाइलवर अभयचं नाव उमटत होतं, विझत होतं. शेवटी लांब्या नुसता वळला आणि त्यानं सरळ समोर पाहिलं, जणू वाचणाऱ्याच्याच हातात दगड होता. आणखी खाडाखोड न करता तिनं भाग पाठवून दिला.

अभयचा निरोप आला, 'ओळख घालवलीस. टाकतोय. नाही चाललं तर जबाबदारी तुझी.'

सहाला भाग आला. भीमराव आले नाहीत. सुंदराबाई दोनदा खाली जाऊन फाटकापर्यंत बघून आल्या.

मग सुंदराबाईंच्या मोबाइलवर भीमरावांनी काहीतरी पाठवलं. निवृत्तांच्या ग्रुपचाच स्क्रीनशॉट होता. श्यामसुंदरच्या स्टिकरला उत्तर म्हणून त्यांनी लिहिलं होतं : 'श्याम, हे चित्र माझ्या मुलीनं काढलं होतं. चुकीचं होतं. आता नीट काढलंय. उघड आणि बघ.' खाली नव्या भागाची लिंक होती.

त्याखाली हसरं तोंड एकही नव्हतं. सगळ्यात वर, ग्रुपच्या नावाखाली, बारीक अक्षरांत दिसत होतं : 'श्यामसुंदर टाइप करत आहे…'

दीपमालानं आईचा हात धरला, आणि दोघी पुढच्या निरोपाची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.