रिकामा पेनड्राइव्ह

शेवंता राठोड कुणाचाही पेनड्राइव्ह रिकामा परत करत नसे. बंजाऱ्यांच्या तांड्यावर शेजारणीचं भांडं परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालतात, तोच नियम तिने शाळेत लावला होता. गुणपत्रकांसाठी माझा पेनड्राइव्ह नेला, की परत येताना त्यात कवठाच्या चटणीची कृती, कुठल्यातरी रांगोळीचा फोटो, नाहीतर तिच्या याडीचं, म्हणजे आईचं, गोरबोलीतलं एखादं गाणं असायचंच. फाइलचं नाव कायम एकच : 'घ्या'.

ती शिक्षिका, मी त्याच शाळेत लिपिक. माझ्याकडे वर्षाचं फोल्डर, त्यात वर्गाचं, त्यात विषयाचं. मध्येच ही 'घ्या' दिसली की माझं डोकं फिरायचं.

"शेवंता, हा पेनड्राइव्ह आहे, डबा नाही."

"पण रिकामा कसा देऊ ताई? बरं दिसते का?"

मी ते सगळं 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलून मोकळी होई. बाकीचे सरळ पुसून टाकत. एका गुरुजींना तर तो व्हायरस वाटला होता.

तिचा स्वतःचा पेनड्राइव्ह लाल गोफात ओवून स्कूटीच्या किल्लीला बांधलेला असे. याडी गेली, त्याच्या आधी मोबाइलवर घेतलेली तिची गाणी त्यात होती. तो मोबाइल पुढे पाण्याच्या टाकीत पडला. गाण्यांत एक ढावलो होता : सासरी निघालेली मुलगी माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत म्हणते तो. शेवंताच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "माह्या पोरीले ढावलो येत नाही ताई. निघताना तिले आजीचाच आवाज पाहिजे." कॉपी करून ठेव, कॉपी करून ठेव, म्हणून मी तिच्या मागे लागले होते. "ठेवतो ना," एवढंच उत्तर.

तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापकांना साहेबांसाठी फोटो भरून द्यायचे होते. "दोन मिनिटं द्या" म्हणून त्यांनी तिचा पेनड्राइव्ह नेला. संध्याकाळी परत आला तो कोरा करकरीत.

"जागा नव्हती हो. कॉम्प्युटरने फॉरमॅट करू का विचारलं, मी हो म्हटलं. आत काही सरकारी काम नव्हतं ना?"

शेवंता पेनड्राइव्ह मुठीत धरून खुर्चीवर बसली. आवाज तीन वर्गांपलीकडे जाणारी बाई, पण आता पुटपुटली, "असू द्या ताई. त्याइले काय मालूम, आत कोण होतं."

"विचारायला काय जीभ झडली होती?" मी ओरडले. सरांना ऐकू जाईल असंच ओरडले. सरांनी दार लोटून घेतलं.

घरी जाऊन मी माझं 'इतर' फोल्डर उपसलं. चटणी निघाली, ढावलो नाही. रविवारी शेवंताला गाडीवर मागे बसवलं आणि फुलसावंगीला रफीकभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. पुसलेल्या फाइली ते परत काढून देतात. त्यांनी बराच वेळ खटपट केली. वर आले ते सरांचेच फोटो, तेही अर्धे.

"होतं काय म्याडम याच्यात?"

शेवंताने दोन ओळी गुणगुणल्या. रफीकभाई हसायला लागले. "हे? हे तर माह्याजवळ हाय ना! तुम्हीच तर माह्या पेनड्राइव्हमधी टाकून देल्लं होतं. रोज सकाळी दुकान उघडलं का लावतो. बरकतीचं गाणं हाय."

"भाई, पोरगी सासरी चालली म्हणून रडाचं गाणं हाय ते!"

"असन. गिऱ्हाईक तर येते."

शेवंता हसली, आणि हसता हसता काउंटरवर डोकं टेकून रडली. मी मात्र तिथेच तीन ठिकाणी कॉपी करून घेतली.

लग्नात मुलगी निघाली तेव्हा स्पीकरवर याडीचा आवाज आला. आधी पोरगी नुसतीच रडत होती, मग एकेक ओळ आजीच्या मागून म्हणू लागली. मुख्याध्यापक जेवून आले होते. डोळे पुसत ते शेवंताला म्हणाले, "काय गाणं आहे हो! कुठे मिळेल?"

"सर, तुमच्या पेनड्राइव्हमधी टाकलं ना मी. मागच्या हप्त्यात परत देल्ला तेव्हा."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, उलटसुलट पाहिला. "अरेच्चा! हा तर मी परवाच साफ केला."

आणि ही बाई हात पुढे करून म्हणते, "द्या इकडे. आणखी टाकून देतो."

मी तो हात धरला आणि तिला तिथून ओढत नेलं. "काहून ताई?" ती विचारत राहिली. काहून ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे तिची बदली राजूरला झाली. ढावलो आता माझ्याकडे त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे, 'इतर'मध्ये नाही. सर दोनदा मागून गेले. मी दिलेला नाही.