तलवारवाल्या पोरीची पोथी

सगळ्या गोष्टींत आई पहिल्याच भागात मरते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी मोजलंय. नातीनं फोनवर दाखवलेल्या जपानी कार्टूनच्या गोष्टी पाच, आणि पाचही गोष्टींत आई मेलेली. एकीला राक्षसानं खाल्लं, एक घरासकट जळाली, आणि एक तर नुसती खोकत होती, तर पुढच्या चित्रात तिचा फोटो भिंतीवर. मी नातीला विचारलं, "या लोकांना एक बाई जिवंत ठेवायला काय धाड भरती?"

"आज्जी, आई मेल्याशिवाय हिरो घराबाहेर पडत न्हाई."

"तू पडलीस की. तुझी आई तिकडं धडधाकट हाय."

नात हसली आणि तिच्या तोंडातली भाकरी फोनवर उडाली.

आमच्याकडे पोर हुशार निघालं की त्याला लातूरला ठेवतात आणि सोबत घरातली एक बाई पाठवतात. खोली भाड्यानं घ्यायची, बाईनं रांधायचं, पोरानं शिकायचं. आमच्या मजल्यावर अशा पाच खोल्या आहेत आणि पाचही खोल्यांत एकेक बाई. कुणी घर टाकून आली, कुणी नवरा. माझी सून अंगणवाडीत नोकरीला, म्हणून बारावीतल्या नातीबरोबर मी आले. मुलगा उमरी तालुक्यात मास्तर आहे. मला इथं सोडताना म्हणाला, "माय, दोन टाईम जेवायला घाल आणि पोरगी काय करून राहिली ते मला रोज फोनवर सांगत जा." म्हणजे स्वयंपाकीणही मीच आणि राखणदारही मीच.

जाताना त्यानं माझ्या पिशवीत एक जाडजूड जुनी कादंबरी घातली. लई मोठी कादंबरी आहे म्हणे, कॉलेजात शिकवतात. "तू वाच, पोरीलाही वाचून दाखव. संस्कार होतील."

मी चौथी शिकलेली. हळू वाचते, पण सोडत नाही. गावाकडे श्रावणात आमच्या आळीत पोथी मीच वाचायची, कारण बायकांत अक्षर मला एकटीलाच येत होतं. पोथीचा नियम असा की अध्याय सुरू केला की संपवायचा. मध्ये दूध उतू जाऊ दे, पोर रडू दे, अध्याय मोडायचा नाही. त्याच नियमानं मी ती कादंबरी वाचली. चारशे पानं.

मोठ्या घरची सून. नवरा व्यापाराला म्हणून जातो आणि अकरा वर्षं येत नाही. ही दाराशी बसून. सासू छळते, दीर टोचतो, ही गप्प. अकरा वर्षांनी नवरा येतो तो दुसरी बायको घेऊन. मग ही काय करते, तर त्या दुसरीचं बाळंतपण करते, त्यातच ताप भरतो आणि मरते. मरताना हसते. लिहिणाऱ्यानं त्या हसण्यावर दोन पानं घातलीत. तिच्या तोंडावर कसलं तेज पसरलं, उजेड कसा पडला, वगैरे.

मी पुस्तक ओट्यावर आदळलं. मी पंचवीसएक बाळंतपणं केली आहेत. बाळंतपण करणारी बाई हसत नसते, तिला पाणी तापवायचं असतं. आणि त्या बाईला चारशे पानांत एकदाही भूक लागली नाही. नवऱ्याची आठवण पानापानावर, पण भूक एकदा नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला आयुष्यभर कुणीतरी वेळेवर ताट वाढलं असणार, त्याशिवाय भुकेचा असा विसर पडत नाही. दोन दिवस मी भांडी आपटत होते. नात म्हणाली, "आज्जी, काय झालं?" मी म्हणाले, "एका बाईला उगंच मारलं."

"मग हे बघ. हिच्यात बाई मरत न्हाई, मारती."

अशी ती तलवारवाली पोरगी माझ्या खोलीत आली.

नात दुपारी दोनला क्लासवरून येते आणि जेवताना एक भाग बघते. भाग संपतो तेव्हाच ताट संपतं. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, ती वाचून मला मराठीत सांगते. गोष्ट मिठागरातल्या एका गावची. धुक्यातून जनावरं येतात आणि सगळं गाव खातात, आईसकट, ते तर आलंच. एक पोरगी वाचते. तिला एक तलवार मिळते. तलवार उपसली की समोरचं जनावर मेलंच, पण दर वेळी पोरगी आपल्या घरातलं एक माणूस विसरते. चेहरा, आवाज, सगळं पुसून जातं.

मला पहिल्या दिवसापासून राग आला. रक्त असं उडतं की माणसाच्या अंगात दोन हंडे भरलेले असावेत. आणि मारायच्या आधी वाराचं नाव ओरडून सांगतात. आमच्याकडे भावकीच्या भांडणात कुणी असं सांगत बसला असता तर पहिली काठी त्यालाच बसली असती. सहा-सहा दिवस चालतात, कुणी पाणी पीत नाही. रडायला लागले की पाऊस लागलाच. मी शिव्या घालत बघत होते आणि दोन वाजायच्या आधी भाकरी थापून तयार बसत होते. राग या गोष्टीचा जास्त होता.

अकराव्या भागात त्या पोरीनं तलवार उपसली आणि आजीला विसरली. म्हातारी समोरच होती, जिवंत, लपून वाचलेली. पोरीनं तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी उठले. "बंद कर ते."

"अध्याय मोडायचा न्हाई, तूच म्हणतीस," नात म्हणाली. बसावं लागलं.

त्या दिवशी मी गॅलरीत अंबाडी निवडत बसले तर तोंड बंद राहिना. शेजारी नायगावची बाई होती. आम्ही एकमेकींना गावानंच ओळखतो. ती म्हणाली, "मावशे, कुणाला शिव्या देऊन राहिली?"

"एका पोरीला. आजीला विसरली, भवानी."

"कुणाची पोरगी?"

म्हणून सांगावं लागलं, पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी औशाची बाई तिची मेथी घेऊन आली. चौथ्या दिवशी बाकीच्या चारही खोल्यांतल्या बायका आपापली भाजी घेऊन माझ्या दारात. मला गोष्ट सांगायची दुसरी रीत येत नाही. काल काय झालं ते आधी, मग आजचा अध्याय, आणि शेवटी हात जोडायची सवय आवरून उठायचं. बायका "हाव", "मग?" करत ऐकायच्या. नायगावचीनं एकदा विचारलं, "पोरीचं लगीन जमतंय का पुढं?"

"हातात तलवार हाय. लग्न कशाला लागतंय?"

"माझ्या लग्नात मला विळी दिली होती," ती म्हणाली. बायका मेथीवर वाकून हसल्या.

चूक माझीच. गॅलरीत सांगितलेली गोष्ट गॅलरीत राहत नाही, हे या वयात मला कळायला पाहिजे होतं. औशाचीचा नवराही मास्तर, माझ्या मुलाच्या ओळखीचा. तिनं संध्याकाळच्या फोनवर त्याला सांगितलं. तिनं काय सांगितलं देव जाणे, माझ्या मुलापर्यंत गेलं ते असं: तुमची पोरगी दिवसभर खुनाखुनी बघती, आणि तुमची माय बायका जमवून त्याचं पारायण करती. त्याच दिवशी क्लासच्या परीक्षेचे मार्क त्याच्या फोनवर गेले. मार्क पडलेले होते.

रविवारी सकाळच्या बसनं तो आला. पाणी प्यायला नाही. टेबलावरचा नातीचा फोन उचलून आपल्या पिशवीत घातला.

"कपडे भर," तो तिला म्हणाला. "तिकडंच कॉलेज हाय. बारावी तिथून दे. लातूर झालं तेवढं बस्स."

नात गॅलरीत गेली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. ओले होते, तेही काढले. भांडली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. ते ओले कपडे बघून माझं डोकं फिरलं.

"माय, तुला इथं राखायला ठेवलं होतं," तो मला म्हणाला.

"राखली की. जेवून खाऊन हाय."

"ही मारामारी, हे रक्त. पोरीच्या मनावर काय परिणाम होत असंल?"

"तू दिलेल्या पुस्तकात बी बाई मेली. चारशे पानं लावून मारली, एवढाच फरक."

"ते साहित्य हाय, माय."

"त्यानं मला दोन दिवस झोप न्हाई. तो परिणाम न्हाई का?"

"मार्क बघ तिचे."

"तिला ताप होता. तीन दिवस. तू काळजी करशील म्हणून तिनं सांगू दिला न्हाई, आणि मी बी लपवला. त्याचा राग माझ्यावर काढ."

त्यानं काढला. तो भाग खरा होता, मी ऐकून घेतलं. पण पिशवीची चेन काही त्यानं उघडली नाही. तेव्हा मी त्याला विचारलं, "मला शाळेतून कशानं काढलं, ठाऊक हाय?"

"परिस्थिती नव्हती म्हणून."

"परिस्थिती होती. माझ्या बापाला बारा एकर रान होतं. ऐक आता."

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी शेळ्यांमागे होते. हातात एक फाटकं पुस्तक, पुढची दहा पानं नसलेलं. एक राजाची पोरगी विहिरीत उतरते आणि खाली गाव सापडतं, अशी गोष्ट. मी वाचत बसले आणि शेळ्या दुसऱ्याच्या मुगात शिरल्या. दोन तासं, म्हणजे मुगाच्या दोन ओळी, खाल्ल्या. मूगवाला ओरडत घरी आला. बाप म्हणाला, वाचण्यानं पोर बिघडली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. माझी पाटी आईनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली, आणि रोज भाकरीला बसताना ती मलाच उचलावी लागायची.

"दोन तासं मूग," मी म्हणाले. "बापानं एकदा विचारलं न्हाई की पोरी, एवढं काय होतं त्या पुस्तकात. तू बी न्हाई विचारलं. तू तर मास्तर हायस."

तो खाटेवर बसला. गॅलरीत नात ओला कुडता हातात धरून उभी होती. त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "काय हाय ती गोष्ट?"

नातीनं माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापता थापता सांगितली, चौथ्या भाकरीपर्यंत. त्यानं मध्ये दोनदा मास्तरासारखे प्रश्न विचारले. तलवार टाकून का देत नाही, असं विचारलं. नात म्हणाली, "टाकली तर पुढचं गाव खातील ना, बाबा."

तो जेवला. मग पिशवी उघडून फोन डाळीच्या डब्यावर ठेवला. अटी घातल्या, मास्तर अटी घातल्याशिवाय राहत नाही: रविवारी एक भाग, माझ्या समोर, आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन. नातीनं मान हलवली. कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

निघताना मी ती कादंबरी त्याच्या पिशवीत घातली. "पुन्हा वाच," म्हणाले, "आणि त्या बाईला कुठल्या पानावर भूक लागती ते मला फोनवर सांग." तीन महिने झाले. अजून सांगितलेलं नाही.

पुढं रविवारी-रविवारी एक करत आम्ही ती गोष्ट संपवली. शेवटी पोरगी सगळ्यांना विसरली, आपल्या गावालाही. जनावरं संपली. ती मिठागरात येते आणि अनोळखी लोकांबरोबर मीठ ओढायला लागते. आजी तिथंच आहे, मीठ भरते. दोघी शेजारी काम करतात, ओळख नाही. दुपारी आजी तिला आपल्यातलं खायला देते आणि ती खाते. एवढ्यावर संपवलं. मला भयंकर राग आला. पण पोरीला भूक लागली होती, आणि लिहिणाऱ्याला ते आठवलं होतं.

गॅलरीत मात्र मी त्या रविवारनंतर एक अध्याय सांगितला नाही. बायका भाजी घेऊन येतात, बसतात, वाट बघतात. मी डाळ निवडते. परवा औशाचीनंच धीर केला. "मावशी, आजीची आणि पोरीची गाठ पडती का वो?"

"तुझ्या मालकाला विचार. त्याला सगळं कळतं."

ती खाली मान घालून शेंगा सोलायला लागली. नायगावची म्हणाली, "मावशे, तिच्यापायी आम्हाला का उपाशी ठेवतीस? पोथी अर्धी ठेवू न्हाई, पाप लागतं."

"लागू दे," मी म्हणाले. "पोरांची परीक्षा होऊ दे, मग सांगीन. तोवर शेंगा सोला."