दाभणानं शिवलेला शार्क

समुद्र आमच्या गावापासून इतका लांब, की त्याच्या नावानं आमच्याकडे एक धड शिवीसुद्धा नाही. भांडण पेटलं की आम्ही एकमेकांना 'हिरीत जाऊन पड' म्हणतो. समुद्रात जाऊन पड म्हणायचं, तर आधी सोलापूरला जाऊन गाडी बदलावी लागेल. तरीही आयुष्यातला पहिला शार्क मी मन्नाएखेळ्ळीत बघितला, आमच्या दारात, आणि तोही अक्काच्या लग्नाच्या दिवशी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला बघितलेला मुलगा बसवकल्याणचा होता, पण नोकरी कारवारला, बंदर खात्यात कारकुनाची. निजामाच्या काळात आमच्याकडच्या नोकरदाराला फार तर हैदराबादेत टाकायचे. बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि माणसं कुठल्या कुठं फेकली जायला लागली. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले, अप्पा पहिले मास्तर झालेले. पगारी जावई मिळतोय म्हटल्यावर ते हवेतच होते.

अक्का मात्र गप्प झाली होती. ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी ती अलीकडे थांबणारी. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "समुद्राला काठ असतोय का गं?"

मी नुकतीच मॅट्रिक झालेली, त्यामुळे मला सगळं माहीत होतं. मी सांगितलं, असतो, पण एकाच बाजूला. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी अक्काला हळद लागली आणि थोड्याच वेळात समोरच्या सडकेवर मोठा आवाज झाला. हैदराबादेहून सोलापूरकडच्या जत्रेला निघालेल्या एका ट्रकचा अ‍ॅक्सल आमच्या मांडवासमोरच तुटला. ड्रायव्हर नवा अ‍ॅक्सल आणायला मिळेल त्या गाडीनं सोलापूरला गेला. मालक मागं राहिला. लांब मिशांचा, गोडबोल्या हैदराबादी माणूस. थोडा वेळ तो आमच्या मांडवातला चहा पीत बसला, मग धंद्याचा माणूस तो, त्यानं ट्रकची ताडपत्री वर केली, तिकिटांची पेटी मांडली आणि दख्खनीत ओरडायला सुरुवात केली की समुद्राचा वाघ बघून घ्या, पुन्हा या गावाच्या नशिबात नाही.

ट्रकमध्ये शार्क होता. मेलेला, पण अख्खा. बैलगाडीत घालायचा म्हटला तर बैलांनीच जू सोडून पळ काढला असता, एवढा. जबडा उघडा, दातांवर दात, आणि अंगाला दवाखान्यासारखा वास. शेजारी काचेच्या बरणीत एक हिरवी बांगडी ठेवलेली. ती म्हणे त्याच्या पोटात सापडली होती; मुंबईच्या किनाऱ्यावर त्यानं एक नवी नवरी चावून खाल्ली होती.

गाव लोटलं. लग्नाला आलेले पाहुणे तर आधी लोटले. चटणी वाटणाऱ्या बायका पाट्यावरून उठून गेल्या, सनईवाला सनईसकट गेला. बघून येणारा प्रत्येक जण मांडवात परत येताना तोंडावर हात ठेवून येत होता. आणि नेमकं तेव्हाच आमच्या आत्यानं आचाऱ्याला सांगितलं, चूल पेटवायची नाही.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. घरात तिच्या शब्दापुढं अप्पांची मास्तरकीसुद्धा चालायची नाही. आमच्याकडे रीत अशी, की गल्लीत कुणी गेलं तर मढं उचलेपर्यंत आजूबाजूच्या कुठल्याच घरात चूल पेटत नाही. आत्याचं म्हणणं होतं की आमच्या दारात मढं पडलंय.

अप्पांनी तिला समजावलं की तो मासा आहे, आणि मासे आपण बाजारातून आणून खातो. आत्या जागची हलली नाही.

"बाजारातला मासा खायाचा असतोय," ती म्हणाली. "ह्येला बघायला माणसं रांग लावून यायलेत, बायका तोंडावर पदर घ्यायलेत. असं बघायला यायलेत त्येला मढंच म्हणायचं."

शेजारणींना आत्याचं पटलं. बघता बघता आमची अख्खी गल्ली बिनधुराची झाली. खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग रडू. दुपारच्या बसनं बसवकल्याणहून वऱ्हाड येणार होतं. आचारी बिडी ओढत बसला होता, डाळ तशीच, भात तसाच. वऱ्हाड उपाशी बसलं असतं तर ते लग्न पुढं कसं गेलं असतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. अप्पा आत्यापुढं हात जोडून उभे होते. वर्गात छडी टेबलावर ठेवली तरी पोरं चिडीचूप होत, त्या माणसाला मी तसं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

आत खोलीत आणखी वेगळंच चाललं होतं. शार्क बघून आलेल्या मावश्या-काकू अक्काला बांगडीची गोष्ट रंगवून सांगत होत्या. कुणी म्हणालं, तुझ्या चुड्यातलीच वाटती बघ. चेष्टाच ती, पण अक्का पांढरी पडली. सगळ्या बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"मी न्हाई जायची तिकडं," ती म्हणाली. "अप्पाला सांग."

मी काय सांगणार? मी खिडकीशी गेले आणि तिला हात जोडून उभे असलेले अप्पा दाखवले. तिनं ते बघितलं. मग उठली, हळदीच्या अंगानं, डोक्यावर पदर घेऊन, आणि सरळ उंबरा ओलांडून बाहेर पडली. हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मागून आई ओरडली, तरी ती थांबली नाही. मी तिच्या मागं पळाले.

नवरी बघून मालकानं तिकीट मागितलं नाही. अक्का ट्रकवर चढली, जबड्यापाशी गेली, बरणी बघितली, मग त्या धुडाच्या पोटाखाली वाकली. वाकली ती वाकलीच. मला वाटलं घेरी आली.

"अगं," ती खालूनच म्हणाली, "ह्येला दाभणानं शिवलंय."

मीही वाकले. पोटावरनं शेपटीपर्यंत जाड सुतळीची शिवण गेली होती, ज्वारीच्या पोत्याला घालतो तसली, आणि एके ठिकाणी उसवून आतला पेंढा बाहेर आला होता. आमच्या घरात पोती अक्काच शिवायची. असली ढिली शिवण आमच्यात गडीसुद्धा घालणार नाही, असं ती मालकाला तोंडावर म्हणाली. मग बरणीकडे बोट करून तिनं विचारलं, अख्खी बाई चावून खाल्ली आणि बांगडी तेवढी फुटली नाही, हे कसं? मालक मिशांत हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मांडवात येऊन अक्का आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, आपल्या म्हशीचं रेडकू मेलं तवा काय केलतं?" तिनं विचारलं. "त्येच्या कातड्यात पेंढा भरून गोठ्यात उभं केलतं. म्हस त्येला चाटायची आन् दूध द्यायची. तवा चूल बंद ठिवली व्हती का तू? त्येच दुधाचा च्या पीत व्हतीस की."

आत्या म्हणाली, ते वेगळं.

"कामून वेगळं? ह्येच्यातबी पेंढाच हाय. जाऊन बघ, शिवण उसवलीया."

आत्या खरंच गेली बघायला. आमच्या घराण्यातल्या बाईला पेंढा भरलेलं कातडं ओळखायला चष्मा लागत नाही. परत आली ती मालकाच्या नावानं बोटं मोडतच आली, पण चुलीकडे बघून तिनं मान हलवली. आचारी उठायच्या आत अक्कानंच काडी ओढली. हळदीचे हात, हिरवा चुडा, आणि चुलीपुढं वाकून ती फुंकर घालत होती. तिच्या मागोमाग गल्लीभर धूर निघाला. वऱ्हाडाची बस आली तेव्हा डाळीला फोडणी पडत होती. जेवून झाल्यावर नवरदेव मित्रांबरोबर शार्क बघून आला आणि बराचसा खोटा असल्याचं अप्पांना हळूच सांगून गेला. बंदर खात्यातला जावई म्हणून आमच्याकडे त्याचा भाव तिथंच वाढला.

पुढं काही वर्षांनी अक्काला मुलगा झाला, तेव्हा मी कारवारला गेले. समुद्र बघितला. काठ खरोखरच एकाच बाजूला होता, एवढं तरी मी बरोबर सांगितलं होतं. दाजींनी एका सकाळी लांबवर उड्या मारणारे डॉल्फिन दाखवले. मला ते गढूळ तळ्यात डुंबणाऱ्या रेडकांसारखे वाटले, तसं मी बोललेही, आणि दाजी दिवसभर हसत राहिले. अक्का आता पार तिथली झाली होती. कोळणींशी कोकणीत भांडायची आणि जिंकायची.

एका सकाळी आम्ही दोघी वाळूवरून चाललो होतो. किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं, ज्याला तिथं रापण म्हणतात, ते माणसं ओढून वर आणत होती. त्यात चमचमणाऱ्या मासळीच्या मधोमध एक शार्क होता. बाजेएवढाच असेल, पण जिवंत. त्यानं अंग असं आपटलं, की ओली वाळू आमच्या लुगड्यांवर उडाली. मी किंचाळून मागं पळाले. अक्का जागीच उभी राहिली आणि त्या दिवसासारखीच वाकून त्याच्या पोटाकडे बघू लागली. पोट पांढरंशुभ्र होतं, वर-खाली होत होतं.

"ह्येला शिवण न्हाई," ती हळूच म्हणाली.

मी जवळ येऊन तिचा हात धरला, तर तो गार पडलेला. मी चकित झाले. म्हटलं, तू भ्यायलीस व्हय? त्या दिवशी तर ट्रकवर चढून मालकाला झापलंस.

"त्या दिवशीबी भ्यायलेच व्हते," अक्का म्हणाली. "त्येच्यात पेंढा व्हता, पण समुद्रातल्यात कुठला पेंढा? ते काय मला कळत नव्हतं व्हय. वर्षभर मी ह्या वाळूत पाय ठिवला न्हाई. पण अप्पा हात जोडून हुबा व्हता गं."

मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं घरात आम्ही सगळे तीच गोष्ट सांगून हसत होतो, अप्पा तर सगळ्यांत जास्त.

"अप्पाला सांगू नगंस," ती म्हणाली. मग वाळू झटकून तिनं कोळणीला हाक मारली आणि त्याच माशाच्या तुकड्याचा भाव करायला बसली.