टिचबटणांची बेलबॉटम

आजकालच्या पोरांच्या फाटक्या पँटीला कुणी नावं ठेवली की माझं टाळकं सरकतं. म्हणतो, बाबा, तू शफीक मास्टर बघितला नाय, गप बस.

शफीक मास्टर शहरात, औरंगपुऱ्यात कपडे शिवायचे. चौऱ्याहत्तर साली मी चिकलठाण्याहून सायकलीवर कॉलेजात यायचो, घराण्यातला पहिलाच. वडिलांनी, म्हणजे नानासाहेबांनी, बजावलं होतं, "नखरे दिसले की कॉलेज बंद." अन् कॉलेजात बेलबॉटम नसली तर कुणी कुत्रं इचारत नव्हतं. मास्टरांनी तोड काढली. पँटीच्या रुंद मोहरीला आतून टिचबटणं लावून दिली. गावात लावली की सरळ पँट, वेशीबाहेर उघडली की बेलबॉटम. खेड्यावरून येणारी किती तरी पोरं अशी फिरायची.

पण लबाडी किती दिवस टिकणार? एका सकाळी बैलानं दावं तोडलं. मी मागं पळालो, अन् भर गल्लीत बटणं फटाफटा सुटली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नानासाहेब हसले नायत. "बास झालं शिक्षण. उद्यापासून औत धर," म्हणाले. तेवढ्यावर भागलं नाय, मला तसंच घेऊन मास्टरांच्या दुकानात आले.

"मास्टर, पोराला घागरा शिवता? वर बापापासून लपवायला शिकवता?"

मास्टरांनी मशीन थांबवलं. "लपवायला शिकवलं, ती गलती माझी. पोराला बोलू नका." मग हळूच म्हणाले, "नानासाहेब, अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तवा मी सतरा वर्षांचा. अब्बा त्याच साली गेले. घरात चार बहिणी. मशीनवर बसलो, मान वर केली तर केस पिकलेले. जवानी कधी आली, कधी गेली, मालूमच नाय. ही पोरं आरशासमोर उभी राहतात ना, मी काम सोडून बघत बसतो."

नानासाहेब समोरच्या बाकड्यावर टेकले. मग इचारलं, "सोताला शिवली का एखादी?"

मास्टर लाजले. कपाटातून एक तपकिरी बेलबॉटम काढली, त्यांच्याच मापाची, घडीसुद्धा न मोडलेली. "या उमरीत घातली तर लोक हसतील."

"हितं आमी दोघंच हावोत. घाला."

पडद्याआडून मास्टर बाहेर आले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, गळ्यात टेप, पायात बेलबॉटम. आरशात एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले. मला त्या माणसाची लई माया आली.

परतताना नानासाहेब सायकलीवर माझ्या मागं बसले होते. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "उद्या कॉलेजला जा. अन् ती बटणं काढून टाक."

"मग पँट साधी करून घेऊ का?" मी भीत भीत इचारलं.

"नको," ते म्हणाले. "वय हाय तवर घाल."